पॉम्पेईची हस्तिदंती मूर्ती

पिंप्राळ्याच्या मुलांना रोमन इतिहास सीझरपासूनच कशाला सांगायचा? अजिंठ्याचा घाट चढून पुढे गेलं की भोकरदन लागतं. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. तिची जणू सख्खी बहीण १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली होती: हातभर बांगड्या, पायांत जाड वाळे, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती!

त्या काळी पैठणचा अकीक, तेरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. उलट वाटेने रोमन मद्य आणि सोन्या-चांदीची नाणी येत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला तर पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्तीच निघाली. तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयाची सहल मुलांसाठी जरूर काढावी.