उच्च क्षमतेच्या गेमिंग संगणकासाठी साउंड कार्डाची निवड : तांत्रिक व व्यावहारिक विचार

प्रस्तावना

संगणकीय खेळांसाठी खास जुळवणी करून घेतलेल्या संगणकावर मोठा खर्च होतो. त्यातील बहुतांश रक्कम प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पडदा यांवर खर्ची पडते. ध्वनीचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि तोही बहुधा 'कोणते साउंड कार्ड चांगले?' या एकाच प्रश्नापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः हा प्रश्न अपुरा आहे. खेळाच्या प्रणालीत निर्माण होणारा ध्वनी श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचेपर्यंत अनेक टप्पे ओलांडतो आणि साउंड कार्ड हा त्यांपैकी केवळ एक टप्पा होय. काही जुळवण्यांमध्ये तर ध्वनी या टप्प्याकडे फिरकतही नाही. म्हणून निवडीची सुरुवात कार्डापासून न करता कानापासून करावी आणि तेथून मागे येत कार्डाची गरज तपासावी, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. भाषा प्रयोगशाळा वा ध्वनिमुद्रण कक्ष यांच्या खरेदीचा निर्णय घेणाऱ्या अध्यापकांनाही हीच विचारपद्धती उपयोगी पडू शकेल.

१. साउंड कार्डाचे कार्य

संगणकात ध्वनी अंकांच्या रूपात साठवलेला असतो. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. खेळ व चित्रफिती यांत सामान्यतः ४८,००० नमुन्यांचा दर वापरला जातो. या अंकांचे बदलत्या विद्युतदाबात रूपांतर करणे हे साउंड कार्डाचे पहिले कार्य होय. हे काम करणाऱ्या घटकास डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक म्हणतात. हेडफोन हलवण्याइतकी शक्ती त्या विद्युतदाबास देणे हे दुसरे कार्य. ते ॲम्प्लिफायर करतो. मायक्रोफोनकडून येणाऱ्या ध्वनीचे अंकांत रूपांतर करणे हे तिसरे कार्य. ही तिन्ही कामे करणारी व्यवस्था आज जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवर असतेच. तेव्हा खरा प्रश्न असा की, स्वतंत्र कार्ड यांपैकी कोणते काम अधिक चांगले करणार आहे आणि त्या सुधारणेची प्रत्यक्षात गरज आहे काय?

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वतंत्र साउंड कार्डाविषयी आजही जो आदर आढळतो त्याचे मूळ इतिहासात आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात ध्वनीसाठी एक लहानसा स्पीकर तेवढा होता. १९८७ साली कॅनडातील ॲडलिब कंपनीच्या कार्डामुळे खेळांना संगीत लाभले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले. त्यावर संगीताबरोबरच ध्वनिमुद्रित आवाजही ऐकवता येऊ लागला. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्ह या कार्डाने ईएएक्स हे तंत्र रूढ केले. भुयारात, दालनात वा मोकळ्या मैदानात आवाज कसा घुमेल याचे गणित कार्डावरील चिपमध्ये होऊ लागले आणि मुख्य प्रोसेसरवरील भार हलका झाला. २००५ मधील एक्स-फाय मालिका हा या परंपरेतील पुढचा महत्त्वाचा टप्पा होता.

दरम्यान इंटेल कंपनीने १९९७ साली एसी-९७ आणि २००४ साली हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके मांडली. त्यामुळे ध्वनीची व्यवस्था मदरबोर्डवरच स्वस्तात बसवणे सुकर झाले. २००७ साली ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीने तर चित्रच पालटले. डायरेक्टसाउंड या व्यवस्थेतून खेळांना कार्डावरील चिपपर्यंत थेट पोहोचवणारा मार्ग तीत बंद करण्यात आला आणि ध्वनीचे मिश्रण सॉफ्टवेअरकडे सोपवण्यात आले. त्या मार्गावर अवलंबून असलेल्या जुन्या खेळांतील ईएएक्सचे परिणाम एकाएकी नाहीसे झाले. ते परत मिळवण्यासाठी क्रिएटिव्हने अल्केमी नावाचे सॉफ्टवेअर दिले; ते या खेळांच्या आज्ञा ओपनएएल या दुसऱ्या मार्गाने वळवीत असे.

या घडामोडींतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. आजच्या खेळांत प्रतिध्वनी, अंतर आणि दिशा यांचे गणित मुख्यतः खेळाच्या स्वतःच्या प्रणालीत, मुख्य प्रोसेसरवर होते. अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरला हा भार सहज पेलतो. साहजिकच नवे कार्ड बसवल्याने खेळाचा वेग लक्षणीय वाढेल, ही अपेक्षा आज निराधार ठरते.

३. दिशेचे आकलन

स्पर्धात्मक खेळांत ध्वनीचे मोल दिशेत असते. प्रतिस्पर्ध्याची पावले डावीकडून येतात की मागून, हे क्षणार्धात ओळखावे लागते. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात किंचित नंतर पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो. त्याशिवाय उच्च वारंवारतेचे ध्वनी मस्तकामुळे अडतात व दूरच्या कानात क्षीण होतात. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन खुणांच्या आधारे दिशाज्ञानाची उपपत्ती मांडली.

तथापि या दोन खुणा पुरेशा नाहीत. उजवीकडे किंचित समोर असलेला आणि तितकाच मागे असलेला ध्वनी यांत कालांतर जवळजवळ सारखेच असते. समोर-मागे आणि वर-खाली हा भेद मुख्यतः बाह्यकर्णाच्या घड्यांमुळे ध्वनीत होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून कळतो. मस्तक व बाह्यकर्ण यांमुळे होणारे हे बदल गणिती रूपात मांडणाऱ्या फलनास हेड रिलेटेड ट्रान्स्फर फंक्शन, संक्षेपाने एचआरटीएफ, म्हणतात. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह या खेळात २०१६ साली आणि व्हॅलोरंटमध्ये २०२१ साली अशी सुविधा खेळाच्या आतच देण्यात आली.

येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. प्रत्येक आवाजाचे नेमके स्थान केवळ खेळाच्या प्रणालीस ठाऊक असते. खेळाने दोन वाहिन्यांत मिसळून दिलेल्या ध्वनीतून हरवलेली उंची वा मागची बाजू कोणतेही कार्ड अचूकपणे शोधून काढू शकत नाही. खेळाची एचआरटीएफ सुविधा चालू असताना कार्डाची कृत्रिम सराउंड सुविधाही चालू ठेवली, तर एकाच ध्वनीवर दोनदा प्रक्रिया होऊन दिशा पुसट होते. दोहोंपैकी एकच चालू ठेवावी. प्रत्येकाच्या कानाची ठेवण निराळी असल्याने सरासरी मापावर बेतलेली सुविधा एकास लाभदायक तर दुसऱ्यास गोंधळात टाकणारी वाटू शकते. म्हणून तिची पारख स्वतः खेळूनच करावी.

४. ध्वनीचा मार्ग तपासणे

खरेदीपूर्वी सर्वप्रथम ध्वनी कोणत्या वाटेने कानापर्यंत जातो हे पाहावे. यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या हेडसेटमध्ये परिवर्तक व ॲम्प्लिफायर त्याच्या आतच असतात. बिनतारी हेडसेटचीही तीच गत. एचडीएमआय वा डिस्प्लेपोर्टद्वारे दूरदर्शन संच किंवा रिसीव्हर जोडला असेल, तर ध्वनी ग्राफिक्स कार्डातून बाहेर पडतो. या सर्व जोडण्यांत नवे साउंड कार्ड बसवले तरी त्याचा परिवर्तक व ॲम्प्लिफायर वापरलेच जात नाहीत. त्यावरील खर्च जवळजवळ व्यर्थ जातो.

ऑप्टिकल जोडणी वापरणाऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. या तारेतून असंक्षेपित रूपात दोनच वाहिन्या जातात. खेळातील ५.१ वाहिन्या पाठवायच्या असतील, तर त्या तत्क्षणी संक्षेपित कराव्या लागतात आणि त्यासाठी डॉल्बी डिजिटल लाइव्ह अथवा डीटीएस कनेक्ट ही सुविधा असलेले कार्ड वा मदरबोर्ड लागतो. ३.५ मिलिमीटरच्या पिनेचे हेडफोन किंवा ॲनालॉग स्पीकर वापरणाऱ्यांसाठी मात्र कार्डाची गुणवत्ता थेट महत्त्वाची ठरते. पुढील विवेचन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

५. तपशीलपत्रकातील आकड्यांचा अर्थ

जाहिरातींत सर्वाधिक मिरवला जाणारा आकडा म्हणजे मूळ ध्वनी व पार्श्वभूमीतील खरखर यांचे डेसिबलमधील गुणोत्तर. १६ बिटांच्या ध्वनीची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९६ डेसिबल आहे. मदरबोर्डवर आढळणाऱ्या रिअलटेक एएलसी १२२० या चिपसाठी १२० डेसिबल, तर २०१७ सालच्या साउंड ब्लास्टरएक्स एई-५ या कार्डासाठी १२२ डेसिबल असा उत्पादकांचा दावा आहे. या दोन डेसिबलांचा फरक कानास जाणवणारा नाही. चिपचा आकडा आणि प्रत्यक्ष छिद्रातून मिळणारा ध्वनी यांतील अंतर मात्र जाणवू शकते. कारण ते मदरबोर्डवरील मांडणी, वीजपुरवठा आणि संगणकाच्या पेटीतील विद्युतचुंबकीय गोंगाट यांवर अवलंबून असते. १९२ वा ३८४ किलोहर्ट्झ यांसारख्या नमुना दरांचीही मातब्बरी बाळगण्याचे कारण नाही. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ आहे आणि ४८ किलोहर्ट्झचा दर तिला पुरून उरतो.

याउलट दुर्लक्षित राहणारे दोन आकडे निर्णायक असतात. पहिला हेडफोनच्या इंपिडन्सचा. एक व्होल्ट दाबावर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते, तर ३०० ओहमच्या हेडफोनला केवळ ३.३ मिलिवॅट. सेनहायझर एचडी ६०० (३०० ओहम) किंवा बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो (२५० ओहम) यांसारख्या हेडफोनांना म्हणूनच अधिक दाब देणारा ॲम्प्लिफायर लागू शकतो. दुसरा आकडा ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या निर्गम इंपिडन्सचा. तो हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारातील संकेत आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो ४ ओहम वा त्याहून कमी हवा. तो फार मोठा असल्यास काही हेडफोनांत खर्ज व मधले स्वर यांचा तोल बिघडतो.

६. आतील कार्ड की बाहेरील उपकरण?

मोठे ग्राफिक्स कार्ड दोन ते तीन खाचांची जागा व्यापते आणि अनेकदा पीसीआय एक्स्प्रेसची लहान खाच त्याखाली झाकली जाते. साउंड कार्ड बसलेच तरी ते ग्राफिक्स कार्डाला खेटून राहते व हवेचा मार्ग अडवते. जुने पीसीआय कार्ड तर नव्या मदरबोर्डवर बसतच नाही, कारण त्यासाठीची खाचच बहुधा नसते. या कारणांमुळे यूएसबीने जोडले जाणारे बाहेरील परिवर्तक-ॲम्प्लिफायर हा पर्याय पुष्कळदा सोयीचा ठरतो. त्याचे नाजूक ॲनालॉग भाग पेटीबाहेर राहतात आणि आवाजाची कळ हाताशी येते. व्यावसायिक दर्जाचा, ४८ व्होल्ट पुरवठ्यावर चालणारा कंडेन्सर मायक्रोफोन वापरायचा असल्यास खेळासाठीच्या साउंड कार्डाऐवजी ऑडिओ इंटरफेस घ्यावा.

मात्र प्रत्येक खरखरीचे खापर साउंड कार्डावर फोडता येत नाही. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. संगणक आणि स्वतःची वीज घेणारे स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणी जोडले असतील व अर्थिंग सदोष असेल, तर ५० हर्ट्झची व तिच्या पटींतील घुमणारी गुणगुण ऐकू येते. ती नव्या कार्डानेच काय, यूएसबी उपकरणानेही जाईलच असे नाही. अशा वेळी दोन्ही उपकरणे एकाच फलकावर जोडणे, अर्थिंग तपासून घेणे किंवा ऑप्टिकल तार वापरणे हे उपाय करावेत. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार जीवघेणा ठरू शकतो; तो कदापि करू नये.

मदरबोर्डवरील व्यवस्था अपुरी आहे की नाही, हे घरीच तपासता येते. नेहमीचा हेडफोन लावून, नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर, काहीही न वाजवता शांतपणे ऐकावे. माउस हलवताना किंवा खेळ सुरू होताना खरखर वाढते काय? कळ शेवटपर्यंत फिरवूनही आवाज कमी पडतो काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर स्वतंत्र कार्डाचा लाभ अल्पच राहील आणि तीच रक्कम अधिक चांगल्या हेडफोनवर खर्च करणे श्रेयस्कर. दोन उपकरणांची तुलना करताना दोहोंचा आवाज समान पातळीवर आणावा. किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो आणि दुकानातील निवड पुष्कळदा याच भासाने फसते.

७. श्रवणसुरक्षा

या विषयाचा सर्वांत गंभीर पैलू खरेदीच्या चर्चेत क्वचितच येतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवणविषयक मानकानुसार प्रौढ व्यक्तीसाठी ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यास ४० तास ही मर्यादा धरली जाते. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो : ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला केवळ ५ तास. मुलांसाठी मूळ पातळी ७५ डेसिबलच आहे. रोज तीन-चार तास खेळणारा विद्यार्थी ८९ डेसिबलवर ही मर्यादा दोन दिवसांतच ओलांडतो.

पावलांचा मंद आवाज टिपण्यासाठी खेळाडू आवाज वाढवतो आणि त्याच पातळीवर बंदुकीचे व स्फोटांचे आवाज कानावर आदळतात. शक्तिशाली ॲम्प्लिफायर हा धोका वाढवतो, विशेषतः कमी इंपिडन्सच्या हेडफोनसोबत. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मानवामध्ये पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून ॲम्प्लिफायरची पातळी कमी-अधिक करण्याची सोय असल्यास सर्वांत खालची पातळी प्रथम निवडावी. मोठे आवाज दाबून मंद आवाज उचलणारी सुविधा खेळात वा कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये असल्यास ती वापरावी. बाहेरचा गोंगाट अडवणारे बंदिस्त हेडफोन असल्यास कमी पातळीवरही स्पष्ट ऐकू येते.

समारोप

साउंड कार्ड हा एकेकाळी गेमिंग संगणकाचा अपरिहार्य भाग होता. २००७ नंतर त्याचे प्रक्रियेचे काम बहुतांशी सॉफ्टवेअरकडे गेले आणि त्याच्याकडे परिवर्तन व प्रवर्धन ही दोन कामे प्रामुख्याने उरली. या पार्श्वभूमीवर निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम हेडफोन वा स्पीकर; त्यानंतर ध्वनीच्या मार्गाची तपासणी; मग मदरबोर्डवरील व्यवस्थेतील खरखर व शक्ती यांची पारख; आणि त्यात प्रत्यक्ष उणीव आढळली तरच कार्ड किंवा यूएसबी उपकरण. या क्रमाने गेल्यास पुष्कळांना स्वतंत्र कार्डाची गरजच नाही असे आढळून येईल. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना ती कोणत्या कारणासाठी आहे, हे नेमके सांगता येईल. उपकरणाची किंमत आणि कानाला होणारा लाभ यांचे प्रमाण नेहमीच सारखे नसते. वाचलेली रक्कम अन्यत्र वळवता येते. गमावलेली श्रवणशक्ती मात्र कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.