घरची पहिली विजार



शिवणयंत्र पुष्कळ घरांतून असतें. झबलें, परकर, उशीचा अभ्रा, फार तर पायजमा, येथपर्यंत काम सुखानें चालतें. विजारीचें नांव निघालें कीं मात्र ‘तें शिंप्याचें काम’ असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. वास्तविक विजारींत शिवणी मोजक्या आणि बहुतेक सरळ असतात. अवघड गोष्ट एकच आहे. ती ध्यानांत आली, तर ज्याला यंत्रावर सरळ टीप मारतां येते त्याला विजारही शिवतां येईल. ती गोष्ट कोणती आणि आरंभ कोठून करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम माझी फजिती सांगतों. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं हा उद्योग आरंभिला. अंगाला नीट बसणारी एक जुनी विजार घेतली, तिचा पाय नव्या कापडावर पसरला, सभोंवार खडूनें रेघ ओढली आणि तशाच आकाराचे चार तुकडे कापले. विजार तयार झाली. आरशासमोर उभा राहिलों तेव्हां ठीक दिसली. पण जेवावयास पाटावर बसलों मात्र, आणि मागची शिवण टरकन उसवली. दुसऱ्या दिवशीं ती घेऊन आळींतल्या शिंप्याकडे गेलों. त्यानें ती उलटी करून पाहिली आणि हंसून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पुढचा आणि मागचा भाग सारखाच कापलात. ही नुसती उभं राहायला झाली. माणूस बसतो तो मागच्या भागावर!”

या बोलण्यांत विजारीचें सारें मर्म आलें. विजारीचे मुख्य तुकडे चार: दोन पुढचे, दोन मागचे. हे चारही दोन पायांच्या मध्यें जेथें मिळतात त्यास आसन म्हणतात. आपलें शरीर पुढून बरेंचसें सपाट व मागून गोल असतें. शिवाय बसलों कीं मागचें अंतर वाढतें. म्हणून मागच्या तुकड्याचा आसनाजवळचा कोपरा पुढच्यापेक्षां साधारण दुप्पट बाहेर काढावा लागतो, आणि कंबरेपाशींही मागचा भाग थोडा उंच ठेवावा लागतो. हें जादा कापड दिलें नाहीं, तर बसतांना सारा ताण शिवणीवर येतो.

म्हणून माझें सांगणें असें कीं, शिवण्याचा आरंभ उसवण्यापासून करावा. टाकावयास काढलेली, परंतु अंगाला नीट बसत असलेली एक विजार घ्या. तिचा एकच पाय उसवा. दुसरा तसाच ठेवा, म्हणजे कोणती शिवण कोणत्या शिवणीवर येते हें पाहतां येईल. उसवलेल्या तुकड्यांना इस्त्री करून पुढचा मागच्यावर ठेवा. दोहोंतला फरक डोळ्यांना दिसेल. मग दोन्ही आकार वर्तमानपत्राच्या कागदावर उतरवून घ्या. शिवणीच्या आंत जें जादा कापड सोडतात त्यास आपल्याकडे माया असा गोड शब्द आहे. जुन्या तुकड्यांना ती असतेच. जेथें झिजली असेल तेथें अर्धा इंच धरून भरून काढा. मागच्या मधल्या शिवणीला मात्र कंबरेपाशीं एक-दीड इंच माया ठेवा. पुढें अंग सुटलें तर ती उपयोगी पडते.

पहिल्या विजारीस खिसे, पट्टा व पुढची उघडझांप यांच्या भानगडींत पडूं नये. नेफा करून नाडी ओंवावी. नेफ्याची विजार बैठकीवरून वर चढली पाहिजे, म्हणून कागदावर बैठकीच्या वरची रेघ कंबरेकडे निमुळती न करतां सरळ वर न्यावी, आणि नेफ्यासाठीं दोन इंच व खालच्या मोहरीसाठीं दोन इंच वाढवावेत.

पहिला प्रयोग जुन्या चादरीवर किंवा मांजरपाटावर करा. नंतर चांगलें कापड घ्या. मध्यम अंगाच्या माणसास 58 इंच पन्ह्याचें सव्वा मीटर पुरतें. सुती असेल तर रात्रभर पाण्यांत भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहींतर पहिल्या धुण्यांत विजार आंखूड होईल. कापडाचा उभा धागा पायाच्या बरोबर मधून गेला पाहिजे. तो तिरपा गेला तर पाय पिळवटतो. कापड सुलट बाजू आंत घेऊन दुमडावें व दोन्ही थर एकदम कापावेत, म्हणजे एक तुकडा उजव्या पायाचा व एक डाव्या पायाचा निघतो. सुटे सुटे कापणाऱ्याच्या हातीं कधीं कधीं दोन डावे पाय येतात!

आतां जोडणी. प्रथम कच्चे टाके घाला. प्रत्येक पायाची बाहेरची शिवण, मग आंतली. नंतर एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायांत घाला आणि आसनाची शिवण पुढून मागपर्यंत एका दमांत घ्या. मग विजार घालून केवळ उभे राहूं नका. खुर्चीवर बसा, पाटावर बसा, जिन्याच्या दोन पायऱ्या चढा. बसतांना कंबर मागून खालीं ओढली गेली, तर मागची उंची कमी पडली आहे. आसनापासून मांडीकडे ताणलेल्या सुरकुत्या पडल्या, तर तेथला कोपरा आंखूड आहे. ही सुधारणा कापडाबरोबर कागदावरही करून ठेवा. पुढच्या विजारीस तो कागदच कामास येईल. सारें जमल्यावर यंत्राची टीप मारा, आणि आसनावर ती दुहेरी मारा.

माझी दुसरी विजार मीं त्याच शिंप्यास दाखविली. त्यानें ती हातीं घेतली, मागची शिवण दोन्ही अंगठ्यांनीं ताणून पाहिली, आणि कांहीं न बोलतां खुर्ची पुढें केली. मी बसलों. शिवण टिकली.

तेव्हां येत्या रविवारीं कपाटांतली एक जुनी विजार काढा, आणि तिचा एकच पाय उसवा.