लघुउद्योगातील ज्ञान व्यवस्थापन : कोल्हापूरच्या फौंड्री व्यवसायाच्या संदर्भात

ज्ञान व्यवस्थापन म्हणजे संस्थेतील अनुभव जतन करून सर्वांना उपलब्ध करून देणे होय. नोनाका व ताकेउची यांनी १९९५ मध्ये अव्यक्त ज्ञान शब्दबद्ध करण्याची प्रक्रिया जपानी कंपन्यांच्या आधारे मांडली. कोल्हापूरच्या लहान फौंड्रीत असे ज्ञान बहुधा जुन्या कारागिराच्या हातात असते. साच्याच्या वाळूत ओलावा अधिक झाल्यास वाफेमुळे कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात; तो ओलावा कारागीर वाळू मुठीत दाबून ओळखतो. त्याने काम सोडल्यास ही पारखही जाते. ती टिकविण्यास महागडी संगणकप्रणाली आवश्यक नाही. दोष, कारण व उपाय यांची नोंदवही आणि कारागिराच्या हाताखाली नवोदिताची नेमणूक एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. तथापि, कसब शिकविल्यास आपली गरज संपेल, ही कारागिराची भीती रास्त आहे. म्हणून शिकविण्याचा स्वतंत्र मोबदला हीच पहिली पायरी ठरते.