विकिपीडियाचा खर्च कोण भागवतो?

रंकाळा तलावावरचा किंवा पन्हाळा किल्ल्यावरचा मराठी विकिपीडियातील लेख कोल्हापूरचा वाचक फुकट वाचतो. लिहिणाऱ्यालाही मानधन नसते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशावर जाहिराती नाहीत. सर्व्हर, तंत्रज्ञ, कायदेशीर बाबी यांचा खर्च अमेरिकेतील विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था उचलते. तिचे बहुतांश उत्पन्न वाचकांच्या छोट्या देणग्यांतून येते. देणगीदाराला मजकुरावर कोणताही हक्क मिळत नाही, आणि देणगी न देणाऱ्यालाही लेख तितकाच खुला राहतो. लोकांच्या पैशांतून कोश उभारणे मराठीला नवे नाही: श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची कंपनीच काढली होती. ते खंड मात्र विकत घ्यावे लागत.