जुनी मनोविकारविरोधी औषधे : मात्रेचा विवेक

छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मनोविकाराच्या औषधोपचाराला 1952 मध्ये नवी दिशा मिळाली. त्या वर्षी पॅरिसमध्ये जाँ दले व पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीनचा यशस्वी वापर केला. 1958 मध्ये बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1977 मधील पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या दोन्ही औषधांचा समावेश होता.

ही औषधे मेंदूतील डोपामाइन या रसायनाचे कार्य रोखतात. सुमारे 65 टक्के डी-2 ग्राही व्यापले गेल्यास भ्रम व भास कमी होऊ लागतात. हे प्रमाण 80 टक्क्यांच्या जवळ गेल्यास हालचालींचे दोष वाढतात. म्हणजेच, एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढविल्याने लाभ फारसा वाढत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात. औषधांची तीव्रताही भिन्न असते. हॅलोपेरिडॉलचे सुमारे 2 मिलिग्रॅम हे क्लोरप्रोमाझीनच्या 100 मिलिग्रॅमइतके परिणामकारक मानले जातात. म्हणून अल्प मात्रेने प्रारंभ करून ती क्रमाक्रमाने वाढविणे इष्ट ठरते.

प्रमुख दुष्परिणाम पुढीलप्रमाणे आहेत :

* मान, जबडा वा डोळ्यांच्या स्नायूंचे अचानक आखडणे;
* कंप, ताठरता व मंद हालचाली;
* एका जागी स्थिर बसू न देणारी अस्वस्थता;
* दीर्घ वापरानंतर तोंड व जिभेच्या अनैच्छिक हालचाली, ज्या कायम राहू शकतात;
* क्वचित तीव्र ताप, ताठरता व संभ्रम. ही प्राणघातक ठरू शकणारी आणीबाणी होय.

क्लोरप्रोमाझीनमुळे गुंगी येते व उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो. यांपैकी अस्वस्थतेचे निदान विशेष महत्त्वाचे आहे. ती आजाराचेच लक्षण समजून मात्रा वाढविल्यास रुग्णाचा त्रास अधिकच बळावतो. त्रासाला कंटाळून रुग्णाने औषध एकाएकी बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो.

भारतात 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व 1996 पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांद्वारे हे उपचार मनोरुग्णालयांबाहेर नेण्याचा प्रयत्न झाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 22 नुसार प्रस्तावित उपचार व त्यांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. औषध उपलब्ध करून देणे ही या सेवेची पहिली पायरी असून, योग्य मात्रा व दुष्परिणामांची वेळीच ओळख यांवरच तिचे यश अवलंबून आहे.