टेप बदलण्याआधी दार बघा

सुलतानपूरहून लोणारला निघालं की गाडीत गाणं लागतंच. बास जरा वाढवला की दार खडखडतं आणि मागे बसलेला सल्ला देतो, 'टेप बदल.' माझं मत उलटं आहे. आधी दार बघा.

स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो, तेव्हाच मागची ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं असली की मागचा आवाज त्यातून पुढे येऊन पुढच्याला मारतो. पहिला बळी खर्जाचा. दाराचं कव्हर काढून ती भोकं बुजवा, पत्र्याला डॅम्पिंग शीट दाबून चिकटवा. तळाची, पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दार सडेल.

मग स्पीकर. खोक्यावरचे '300 वॅट' विसरा. कंपनीचा साधा टेप सलग 15-20 वॅटच देतो. बघायची ती सेन्सिटिव्हिटी: 3 डेसिबल जास्त, म्हणजे निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. पुढचे दोनच बदला, मागचे राहू द्या. वायर कापू देऊ नका, कपलर मागा. आणि नवे स्पीकर लावूनही बास गायब असेल, तर एका बाजूची प्लस-मायनस उलटी जोडली असणार.