लहान धक्क्यांचे धडे

पायाखालची जमीन स्थिर आहे, हे आपण गृहीत धरून चालतो. जपानमध्ये हा विश्वास फार काळ टिकत नाही. कपाटातील कपबश्या किणकिणतात, टांगलेला दिवा झुलू लागतो, दारे-खिडक्या करकरतात आणि काही क्षणांत सारे पूर्ववत होते. तेथील रहिवाशांच्या हे अंगवळणी पडलेले असते. परदेशातून आलेला माणूस मात्र अस्वस्थ होतो. अशाच एका परदेशी अध्यापकाने या लहान धक्क्यांकडे भीतीने न पाहता जिज्ञासेने पाहिले आणि भूकंपशास्त्राच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. त्यांचे नाव जॉन मिल्न.

१८६८ नंतर जपानने आधुनिक शिक्षणाचा प्रसार हाती घेतला आणि त्यासाठी अनेक परदेशी अध्यापकांना पाचारण केले. इंग्लंडमध्ये जन्मलेले मिल्न खाणकाम व भूशास्त्र हे विषय शिकवण्यासाठी १८७६ मध्ये टोकियो येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात रुजू झाले. तेव्हा ते अवघे २५ वर्षांचे होते. लहानमोठे धक्के तेथे वारंवार जाणवत. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामा परिसरात झालेल्या भूकंपात अनेक घरांची धुराडी कोसळली. त्याच वर्षी मिल्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जपान भूकंपशास्त्र संस्था' स्थापन केली. केवळ भूकंपांच्या अभ्यासाला वाहिलेली ही जगातील पहिली संस्था होय.

भूकंप मोजायचा कसा, हा पहिला प्रश्न होता. जमीन हलते तेव्हा मोजणारा माणूस, टेबल, उपकरण हे सारेच तिच्याबरोबर हलते. मग हालचाल ठरवायची कशाच्या आधारे? याचे उत्तर लंबकाने दिले. विशिष्ट रीतीने टांगलेले जड वजन जडत्वामुळे जवळजवळ जागीच राहते आणि त्याखालचा आधार जमिनीसह हलतो. या दोहोंमधील फरक लेखणीने नोंदवला, की जमिनीच्या हालचालीची रेषा मिळते. मिल्न, जेम्स यूइंग व टॉमस ग्रे या तीन अध्यापकांनी या तत्त्वावर भूकंपमापके विकसित केली.

दुसरा प्रश्न होता, धक्के येतात कोठून? त्यासाठी मिल्न यांनी अगदी साधे साधन वापरले. टोकियोपासून शंभर मैलांच्या आतील प्रमुख गावांच्या सरकारी कचेऱ्यांकडे त्यांनी पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. दर आठवड्याला एका कार्डावर त्या काळात जाणवलेले धक्के लिहून ते टपालात टाकावे, एवढीच विनंती होती. आलेली कार्डे एकत्र मांडल्यावर बहुतेक धक्के उत्तरेकडून व पूर्वेकडून येतात, असे दिसून आले. मग त्या दिशेच्या आणखी गावांना कार्डे गेली. अशा रीतीने पोस्टमनच्या पिशवीतून भूकंपांचा नकाशा तयार होत गेला.

तिसरा धडा त्यांना महाविद्यालयाच्या आवारातच मिळाला. काही शे फूट अंतरावर ठेवलेली उपकरणे एकाच धक्क्याची वेगवेगळी नोंद करीत. मऊ, ओलसर जमीन अधिक हले, तर टणक जमीन कमी. घर कोठे बांधावे, हे ठरवताना ही माहिती किती महत्त्वाची आहे, हे सांगणे नको.

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यात सात हजारांहून अधिक माणसे दगावली. परदेशी तंत्राने उभारलेल्या नव्या विटांच्या इमारतीही ढासळल्या. बांधकाम भूकंपाचा विचार करून व्हायला हवे, ही जाणीव आता तीव्र झाली आणि पुढच्याच वर्षी जपान सरकारने भूकंप-संशोधन समिती नेमली.

१८९५ मध्ये मिल्न यांच्या घराला आग लागून त्यांचा ग्रंथसंग्रह व उपकरणे जळाली. त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले. पण काम थांबले नाही. त्यांनी अनेक देशांत भूकंपमापके बसवण्याचा पाठपुरावा केला. मुंबईची कुलाबा वेधशाळाही या जाळ्यात सामील झाली.

लहान धक्क्यांविषयी दोन गैरसमज आजही आढळतात. लहान धक्के बसले की जमिनीतील ताण निघून जातो व मोठा भूकंप टळतो, हा पहिला. वस्तुतः भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली, की त्यातून मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणून काही लहान धक्के एका मोठ्या भूकंपाची भरपाई करू शकत नाहीत. दुसरा गैरसमज असा, की लहान धक्का म्हणजे मोठ्या भूकंपाची हमखास पूर्वसूचना. असेही नेमके सांगता येत नाही. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या विनाशकारी भूकंपानंतरही वर्षानुवर्षे सौम्य धक्के जाणवत आले आहेत.

मग सौम्य धक्क्याचा उपयोग काय? कोणते कपाट डगमगले, कोणत्या भिंतीला तडा गेला, बाहेर पडण्याच्या वाटेत कोणता अडसर होता, हे तो दाखवून देतो. ते कपाट भिंतीला पक्के बसवणे, तडा तपासून घेणे आणि वाट मोकळी ठेवणे हे मात्र घरातल्या माणसांच्याच हाती असते.